दप्तरात काय होतं

(पारशिवनीच्या वाचनालयात जानेवारी २०२६ मध्ये झालेल्या स्मृती व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



मघाशी मी आत येत होते. दाराशी बंदोबस्ताला उभ्या असलेल्या शिपाईदादाकडे बोट दाखवून एक आई आपल्या पोराला म्हणाली, "चूप बस, नाही तं त्या पोलीसवाल्याले देऊन देईन." पोरगं चूप बसलं. शिपाईदादा मात्र अवघडला. त्याचंही त्याच वयाचं लेकरू घरी असेल. मी मनात म्हटलं, बाई, माझ्या भाषणाची सुरुवात तू फुकटात करून दिलीस.

आपल्या लहानपणी बागुलबुवा होता. तो बिचारा कधीच निवृत्त झाला. त्याच्या जागी डॉक्टरची सुई आली, पोरं धरणारा साधू आला, आणि सगळ्यांत जास्त चालला तो पोलीस. जेवत नाही, पोलीस येईल. झोपत नाही, पोलीस येईल. आपल्या घरी तो कधी येत नाही, म्हणून ही धमकी आपल्याला परवडते. ज्या घरी तो खरोखर येतो, कागद मागतो, बापाला गाडीत बसवून नेतो, त्या घरातल्या लेकराचं काय होतं, हा माझा आजचा विषय आहे.

ज्या गुरुजींच्या नावाने ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चौथीपर्यंत शिकले. पेंचच्या धरणाची कामं चालू होती तो काळ. मजुरांची बिऱ्हाडं येत आणि जात. वर्गात नवी पोरं दिसत आणि वर्ष संपायच्या आत नाहीशी होत. गुरुजी प्रार्थनेनंतर, हजेरी घ्यायच्या आधी, रोज एक प्रश्न विचारत, "काल कोणाच्या घरी का झालं?" कोणाची बकरी व्यालेली असे, कोणाचा बाप पिऊन पडलेला असे. एके दिवशी मजुराची एक पोरगी उठून म्हणाली, "रात्री ठेकेदार आलता. म्हणे सकाळी खोपटं खाली करा." गुरुजींनी विचारलं, "पाटी कुठं हाये तुही?" "गाठोड्यात." त्यांनी कपाटातली शाळेची पाटी काढून तिच्या हातात दिली आणि म्हणाले, "हे गाठोड्यात नको घालू. हातात धर." बस, एवढंच. ती पोरगी पुढे कुठे गेली, मला ठाऊक नाही. पण ही पाटी पन्नास वर्षांनी मला जरीपटक्यात आठवली.

नागपूरचं जरीपटका इथून चाळीसेक किलोमीटरवर. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तिथे वसली, त्यांची दुकानं झाली, तिसरी पिढी आता आपल्यापेक्षा चोख मराठी बोलते. पण सिंधमधून येणं १९४७ साली थांबलं नाही. नंतरही माणसं येत राहिली, अलीकडच्या वीस-पंचवीस वर्षांतही आली. व्हिसा काढून आली, दीर्घ मुदतीच्या व्हिशावर राहिली, नागरिकत्वाचा अर्ज करून वाट बघत बसली. हे अर्ज एवढे होते की २०१६ साली केंद्राने अशा लोकांना नागरिकत्व देण्याचा अधिकार देशातल्या ज्या १६ जिल्ह्यांच्या जिल्हाधिकाऱ्यांना दिला, त्यांत नागपूर होतं. महाराष्ट्रात राहणाऱ्या पाकिस्तानी नागरिकांचा आकडा मागच्या वर्षी वर्तमानपत्रांत आला तेव्हा पाच हजारांच्या त्या यादीतले जवळजवळ निम्मे एकट्या नागपुरात निघाले.

२२ एप्रिल २०२५ ला पहलगामचा दहशतवादी हल्ला घडला. २६ माणसं मारली गेली. दोन दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाल्याचा आदेश निघाला, २७ एप्रिलपर्यंत देश सोडा. दीर्घ मुदतीच्या व्हिशावर राहणाऱ्या हिंदूंना हे लागू नाही, असा खुलासा सरकारने लगेच केला. पण आदेश टीव्हीवरून तीन मिनिटांत घरात शिरतो आणि खुलासा चहाच्या टपरीवरून, नातेवाइकांच्या फोनवरून, कोणाच्या तरी वकिलामार्फत तीन दिवसांनी पोचतो. मधल्या तीन दिवसांत काय होतं, ते मी पाहिलं.

निवृत्त झाल्यापासून मी त्या भागात आठवड्यातून एकदा मुलांशी गप्पा मारायला जाते. मी डॉक्टर नाही. चाळीस वर्षं खडू झिजवलेली बाई आहे. त्या आठवड्यात एक आजी नऊ वर्षांच्या नातवाला घेऊन आल्या. तक्रार एकच, "रात को बस्ता लेकर सोता है." पोरगा चौथीतला. दप्तर मांडीवर घट्ट धरून बसला होता. मी म्हटलं, दाखवतोस का? बराच वेळ विचार करून त्याने चेन उघडली.

पुस्तक एकही नव्हतं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं प्रगतिपुस्तक होतं. आईची एक जुनी ओढणी, घडी करून. रबरी चेंडू. पार्ले-जीचे दोन पुडे. त्यातला एक धाकट्या बहिणीचा, त्यावर पेनाने तिचं नाव. आणि पाण्याची बाटली, रिकामी. मी विचारलं, बाटली रिकामी का रे? तो म्हणाला, "जाताना भरीन. आत्ताच भरलं तर पाणी शिळं होईल ना, टीचर."

हे पोरगं नागपुरात जन्मलेलं. सिंध त्याने नकाशातसुद्धा शोधला नव्हता. त्याला घरात कोणी काय सांगितलं होतं? काहीच नाही. "तू खेळ." तो खोलीत आला की आईचा फोन बंद होई, काका आवाज खाली आणत. टीव्हीवर अटारीच्या सरहद्दीचं फाटक दिवसभर दिसत होतं. तिथे आईचा पासपोर्ट एका देशाचा आणि मुलांचा दुसऱ्या देशाचा अशी कुटुंबं उभी होती, आणि शिपाई एकाला सोडून दुसऱ्याला अडवत होते. पोराने ते पाहिलं, घरातली कुजबुज त्याला जोडली आणि एकट्याने निर्णय घेऊन टाकला. मोठ्यांनी नियोजन केलं नाही, म्हणून नऊ वर्षांच्या पोराने केलं. बहिणीचा बिस्किटाचा पुडासुद्धा विसरला नाही.

आपल्याला वाटतं, लेकराला सांगितलं नाही म्हणजे त्याला कळलं नाही. मुलं शब्द नंतर ऐकतात, आधी चेहरा वाचतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघी हॅम्पस्टेडला मुलांचं पाळणाघर चालवत होत्या. त्यांना जे दिसलं, ते त्यांनी युद्ध चालू असतानाच लिहून ठेवलं. आई शांत असेल तर बॉम्बच्या आवाजातही मूल सावरतं, आई थरथरत असेल तर तिच्याबरोबर थरथरतं. आणि बॉम्बपेक्षा मुलांना जास्त मोडून टाकते ती आईपासूनची ताटातूट. आपल्याकडच्या आजीबाईंना हे ठाऊक होतंच, पण त्यांनी लिहून ठेवलं नाही.

मग आम्ही काय केलं? जमिनीवर सतरंजी टाकली. आईला म्हटलं, कागदांची फाईल आणा. ती दचकली. कागद म्हणजे त्या घरातली सर्वांत झाकून ठेवायची गोष्ट. कपाटात साड्यांखाली, पितळेच्या डब्यात. मी म्हटलं, ज्याला तो घाबरतोय तो कागद त्याने एकदा बघू दे. आईने एकेक कागद पसरला. हा माझा पासपोर्ट. हा पप्पांचा. हा व्हिसा, यावर तारीख बघ, वाच. पोराने बोट ठेवून तारीख वाचली. मग बोटांवर महिने मोजले. त्याच्या खांद्यांतला ताठरपणा थोडा उतरलेला मला दिसला. त्या तारखेपर्यंत बाटली भरायची नव्हती, हे त्याला त्याच्या डोळ्यांनी कळलं.

आजी पुढे सरकून म्हणाल्या, "कुछ नहीं होगा बेटा, कभी कुछ नहीं होगा." मी त्यांचा हात धरला. हे वाक्य सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत धोक्याचं. कारण उद्या काही झालं तर पोराचा सरकारवरचा नाही, आजीवरचा विश्वास जातो. आपल्या हातात जेवढं आहे तेवढंच कबूल करायचं. आईने तसंच केलं. म्हणाली, "कागदाचं काही बदललं तर तुला टीव्हीच्या आधी मी सांगीन. शाळा सुटल्यावर मी नाही आले तर मामा येतील, मामा नाही आले तर समोरच्या दुकानातले चाचा येतील, चौथं कोणी येणार नाही." ही तीन नावं पोराने लगेच परत म्हणून दाखवली. मामांचा दहा आकडी फोन नंबर आम्ही पाढ्यासारखा पाठ करून घेतला. तेराचा पाढा त्याला येत नाही, पण तो नंबर आजही झोपेतून उठवून विचारा.

आणि मग मी विचारलं, "बिस्किटांचं काय?" तो हसला. पहिल्यांदाच. दोन्ही पुडे तिथेच फुटले. मलाही दोन मिळाली. पुढच्या आठवड्यात चेंडू बाहेर आला. ओढणी मात्र दप्तरात दिवाळीपर्यंत होती. कोणी काढायला सांगितली नाही.

इथे एक कडू गोष्ट सांगायला हवी, कारण आपण शहाणी माणसं आहोत. अमेरिकेच्या अध्यक्षांनी २० जानेवारी २०२५ ला आदेश काढला की कागदपत्रं नसलेल्यांच्या, तसंच तात्पुरत्या व्हिशावर असलेल्यांच्या पोटी तिथे जन्मलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळणार नाही. न्यायालयांनी तो रोखून धरला. पण तेव्हा नागपुरात केवढी चर्चा झाली! आपल्या नातवंडांचं काय होणार? बरोबर आहे, व्हायलाच हवी. पण नुसत्या जन्माने नागरिकत्व देणं आपल्या कायद्याने १९८७ सालीच थांबवलं. १ जुलै १९८७ नंतर आई-बापांपैकी एक तरी भारतीय हवा, आणि ३ डिसेंबर २००४ नंतर दोघंही भारतीय, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा आलेला नसलेला. म्हणून ते दप्तरवालं पोरगं नागपूरच्या दवाखान्यात जन्मून, नागपूरचं पाणी पिऊन, नागपूरचा नाही. कायदा योग्य की अयोग्य यावर दुसरं व्याख्यान ठेवा, मी श्रोत्यांत बसेन. मी एवढंच म्हणते की जे लेकरू टेक्सासमध्ये दिसतं ते जरीपटक्यातही दिसायला हवं.

टेक्सासवरून आठवलं. इथे, पारशिवनीत, मागच्या पितृपक्षात एका घरी मी गेले होते. थोरला मुलगा अमेरिकेहून वडिलांच्या श्राद्धाला आलेला. शनिवारी, २० सप्टेंबरला, पहाटे त्याचा फोन वाजायला लागला. अमेरिकेच्या अध्यक्षांनी एच-१बी व्हिशावर एक लाख डॉलरची फी लावली होती, रविवारपासून लागू. कंपनीचा निरोप, असाल तिथून निघा आणि त्याआधी देशात शिरा. दुसऱ्या दिवशी सर्वपित्री अमावस्या. मुलाने धाकट्याला सांगितलं, पान तू ठेव, आणि विमानतळाकडे गाडी काढली. मग खुलासा आला की ही फी फक्त नव्या अर्जांना, आधीच्या व्हिसाधारकांना नाही. पण तोवर हा मुंबईला पोचला होता.

संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर अकरा वर्षांची नात आली. आजीने विचारलं, काय गं, जेवलीस? नात म्हणाली, "आजी, बाबाला आत घेतील ना? आणि नाही घेतलं तर मला तुझ्या शाळेत परीक्षा मराठीत द्यावी लागेल का?" आजी हसल्या. मी नाही हसले. त्या मुलीने मनात अख्खं आयुष्य उचलून पारशिवनीला आणून ठेवलं होतं आणि अडचण कुठे येईल तेही शोधून ठेवलं होतं. वही कुठली, अक्षर कसलं, मैत्रीण कोण. तिची भीती मराठीच्या पेपरएवढी होती, आणि तेवढ्याच मापाचं उत्तर तिला हवं होतं. मी आजींना म्हटलं, तिला नागपुरातल्या इंग्रजी शाळेचं नाव सांगा. सांगितलं. पोरगी लगेच दुसऱ्या विषयावर गेली. मुलांचे प्रश्न जगाच्या राजकारणाचे नसतातच. माझी मांजर कोण सांभाळेल, हा प्रश्न असतो. आपण उत्तर मात्र राजकारणाचं देत बसतो.

या घरात पैसा आहे, वकील आहे, कंपनी आहे. ज्यांच्याकडे यातलं काही नाही त्यांची मुलं तिथे शाळेत जायला घाबरू लागली आहेत. शाळा, दवाखाने, प्रार्थनास्थळं यांच्या आवारात इमिग्रेशनच्या लोकांनी शक्यतो शिरू नये, असा तिथे वर्षानुवर्षांचा संकेत होता. जानेवारी २०२५ मध्ये तो काढून टाकला गेला. फेब्रुवारीच्या ५ तारखेला अमेरिकेचं लष्करी विमान १०४ भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. पुरुषांच्या हातापायांत बेड्या होत्या. त्यांत तीन जण महाराष्ट्रातले होते. विमानात लहान मुलंही होती. तेव्हा आपल्या चावडीवर एकच वाक्य फिरत होतं: गेलेच कशाला? मोठ्यांना हा प्रश्न विचारा, खुशाल विचारा. चार वर्षांच्या पोराला कोणी विचारून नेलं नव्हतं.

आता जरा घराजवळ येऊ. खाकी कपड्याची भीती आपल्या विदर्भाला कोणी अमेरिकेतून पाठवलेली नाही. इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. हजेरी, परवाने, गाव सोडायला परवानगी. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण पारध्याच्या बेड्यावर, म्हणजे वस्तीवर, रात्री पडणारी टॉर्च गेली नाही. माझ्या वर्गात एक फासेपारधी मुलगी होती. सहलीच्या दिवशी एसटीत चढताना ती पायरीवरच थिजली. कंडक्टर खाकीत होता. मी त्यांना म्हटलं, भाऊ, जरा टोपी काढता का? त्या भल्या माणसाने टोपी काढली, तिकिटाचं मशीन तिच्या हातात दिलं, म्हणाला, "दाब बटन." रामटेकपर्यंत तिने सगळ्या वर्गाची तिकिटं फाडली. एवढ्याने भीती गेली असं मी म्हणणार नाही. पण एक खाकी माणूस तिच्या बाजूचा निघाला. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळ्याला मतीन भोसल्यांनी फासेपारध्यांच्या मुलांसाठी काढलेल्या शाळेचं नाव 'प्रश्नचिन्ह' आहे. शाळेला याहून नेमकं नाव मी ऐकलेलं नाही.

शिक्षक मंडळी पुढच्या रांगेत बसली आहेत, म्हणून दोन शब्द तुमच्यासाठी. भीती 'मला भीती वाटते' असं म्हणत येत नाही. ती सोमवारी सकाळी पोटात दुखते. आठ वर्षांचा मुलगा पुन्हा अंथरूण ओलं करायला लागतो. हुशार पोरगी खिडकीबाहेर बघत बसते, आणि आपण तिला उभं करून 'लक्ष कुठे आहे' म्हणून ओरडतो. कोणी एकदम मारामाऱ्या करायला लागतो. अशा वेळी वर्गासमोर विचारू नका. कागद तर मुळीच मागू नका. आधार आणलं का, जन्मदाखला आणला का, असं चाळीस पोरांत विचारणं म्हणजे त्या लेकराला उघडं पाडणं. सहा ते चौदा वर्षांच्या सगळ्या मुलांना शिक्षणाचा हक्क आहे, असं घटनेचं कलम २१-अ म्हणतं. त्यात 'नागरिकांच्या मुलांना' असा शब्द नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, हे २००९ च्या कायद्यात लिहिलेलं आहे. तीन-चार आठवडे झोप नाही, खाणं नाही, असं चाललं तर गप्पांवर भागवू नका, तज्ज्ञाकडे न्या. १४४१६ हा टेलि-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ तुम्हाला माहीतच आहे.

आणि शाळेची घंटा. तिची किंमत आपण ओळखत नाही. १९४३ साली कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडचे पाचेक हजार निर्वासित आले, बहुतेक बाया आणि मुलं. रशियनांनी त्यांना घरांतून उचलून सायबेरियात नेऊन टाकलं होतं. कित्येक मुलांनी वाटेत आई-बाप पुरले होते. वळिवड्यात त्यांना बराकी मिळाल्या, पण त्या माणसांनी तिथे काय उभं केलं? शाळा. पोलिश भाषेतली, वेळापत्रकाची, परीक्षांची. स्काउटची पथकं, नाटकं, गाण्याचे वर्ग. उद्या कुठल्या देशात जाणार हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण उद्या सकाळी पहिला तास कोणता, हे ठाऊक होतं. ती मुलं म्हातारी होऊन कोल्हापूरला परत यायची, आपापल्या बराकीची जागा शोधायची. भीतीतल्या लेकराला मोठी आशा दाखवण्यापेक्षा उद्याचा पहिला तास सांगावा. कणीक मळायला बसवावं. गाईला पाणी पाजायला पाठवावं. दप्तर भरणाऱ्या हातांना दुसरं काम लागतं.

आईबापांना मात्र एक सांगते. तुमची स्वतःची भीती लपवू नका, पण ती लेकराच्या डोक्यावर ओतूही नका. रडायचं तर मोठ्या माणसापुढे रडा. लेकरापुढे डोळे पुसा आणि सांगा, हो, मलाही काळजी वाटते, म्हणून मी उद्या अमक्याला भेटणार आहे. काळजीला काम जोडलं की पोराला धीर येतो. टीव्ही बंद करा. तीच ती दृश्यं दहादा दिसली की लहान मुलाला वाटतं दहादा घडलं. आणि व्हॉट्सॲपवर आलेला आदेश जेवताना मोठ्याने वाचू नका. माझ्या नवऱ्यालाही मी हे सांगते, ऐकत नाही.

आता शेवटचं. नागपूरच्या वाटेवर, कन्हानकडे जाताना, विटांच्या भट्ट्या तुम्ही रोज बघता. दिवाळीनंतर छत्तीसगड आणि मध्य प्रदेशातून बिऱ्हाडं येतात, पोरंबाळं घेऊन. गेल्या महिन्यात मी एका भट्टीवर गेले. माझी जीप पांढरी होती. रस्त्यावरून ती आत वळली तशी खेळणारी सात-आठ पोरं विटांच्या रचलेल्या थरांमागे नाहीशी झाली, जशी पाखरं उडावीत. मला वाटलं लाजली. एक बाई म्हणाली, "लाजली नाहीत. गाडी आली की लपायचं, असं आम्हीच शिकवलंय." गाडीतून कोण उतरेल याचा नेम नाही, ठेकेदार, उचल वसूल करणारा, ओळखपत्र तपासणारा. गेल्या वर्षी देशभर बंगाली बोलणाऱ्या मजुरांची धरपकड झाली. दिल्लीतून उचलून बांगलादेशात ढकललेली बीरभूमची एक गरोदर बाई आठ वर्षांच्या मुलासह, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेल्यावर, डिसेंबरात परत आली. छत्तीसगडी बोलणाऱ्या माणसाला त्यातलं किती लागू, किती नाही, हे भट्टीवर कोण समजावणार? बोली वेगळी, गाव लांब, खिशात कागद नाही, एवढं भीतीला पुरतं.

थराआडून एकेक डोकं बाहेर आलं तेव्हा मी एका मुलीला विचारलं, तुझ्या गावाचं नाव काय? तिला सांगता येईना. जिल्हा? नाही. कोणाचा फोन नंबर? नाही. उद्या गर्दीत आईचा हात सुटला तर ही पोर कोणाला काय सांगणार?

म्हणून वाचनालयाला माझी मागणी आहे. हार-नारळ परत घ्या, मला दहा माणसं द्या. एक वही. येत्या रविवारी सकाळी नऊला आपण भट्ट्यांवर जाऊ, प्रत्येक लेकराचं नाव, गावाचं नाव, जिल्हा आणि नातेवाइकाचा एक फोन नंबर लिहून घेऊ, आणि तो नंबर त्याच्याकडून पाठ करून घेऊ, गाऊन, टाळ्या वाजवून, जमेल तसा. वही आईबापांच्या परवानगीनेच लिहायची आणि कोणाच्याही हाती द्यायची नाही, ती वाचनालयाच्या कुलपात राहील. चारचाकी नको, सायकलींवर जाऊ. बंदोबस्ताचे शिपाईदादा सुट्टीवर असतील तर त्यांनीही यावं, साध्या कपड्यांत, आपलं लेकरू घेऊन.

भट्ट्या मृगाचा पाऊस पडेपर्यंत चालतात. नावं मी दाराशी लिहून घेते आहे.